मुंबई ते मुंबई, व्हाया कमरबंद

पोराने तिकिटं काढल्याचं कळलं तेव्हा दाजींनी पहिला प्रश्न विचारला, "बोट जाती कुठं?"

"समुद्रात."

"अन् मग?"

"मग परत मुंबईला."

दाजींनी टोपी मागे सरकवून कपाळ खाजवलं. "म्हणजे पंचवटीत नाशिकरोडला बसायचं, दोन रात्री गाडीतच जेवायचं, झोपायचं, अन् नाशिकरोडलाच उतरायचं. पाव्हणे, त्याचे पैसे देतेत का घेतेत?"

मी आकडा सांगितला. दाजी काही न बोलता उठले आणि बागेत निघून गेले.

पोराचा हेतू चांगला होता. मी 'मिग'मधून नुकताच रिटायर झालो होतो. आमच्या ओझरला एचएएल कोणी म्हणत नाही. १९६४ साली इथे कारखाना आला, त्यात मिग विमानं बनू लागली आणि विमानाचं नाव आधी कारखान्याला, मग वसाहतीला आणि शेवटी गावालाच चिकटलं. आयुष्यभर विमानं जोडली, पण बसायला मिळालं नाही. मिग-२१ ला सीट एक, मिग-२७ लाही एक. सुखोई आलं तेव्हा सीटा दोन झाल्या, पण दोन्ही रिझर्व्हड. २०२५ च्या सप्टेंबरात मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झालं आणि काही महिन्यांनी मी. त्याची सेवा बासष्ट वर्षांची, त्यामुळे त्याला पाण्याच्या फवाऱ्यांची सलामी. मला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ. पोराला कुठेतरी वाईट वाटलं असावं. आकाश जमलं नाही तर निदान समुद्र, म्हणून त्याने आम्हा दोघांचं आणि ताई-दाजींचं अशी चार तिकिटं काढली. तारीख मात्र दाजींनी ठरवली. द्राक्षं उतरून खरड छाटणी झाल्याशिवाय आमच्या भागात लग्नंसुद्धा मोकळ्या मनाने होत नाहीत, तिथे बोटीची काय कथा. मे महिना ठरला.

तिकिटाच्या मागोमाग मोबाइलवर सूचनापत्रक आलं. जेवण किती वाजता, पोहण्याचा तलाव कुठे, हे सगळं अर्ध्या पानात. उरलेलं दीड पान जेवायला काय घालून यायचं यावर. पहिल्या रात्री 'स्मार्ट कॅज्युअल', दुसऱ्या रात्री 'फॉर्मल'. हाफ पँट, बिनबाह्यांचे बनियन, रबरी स्लीपर आणि टोपी घालून भोजनगृहात प्रवेश नाही.

'स्मार्ट कॅज्युअल'वर आमच्या ओट्यावर तीन संध्याकाळी खर्ची पडल्या. शब्दाशब्दाने अर्थ लावला तर हुशार पण बेफिकीर असा माणूस डोळ्यांपुढे येतो, आणि तसा आमच्या गल्लीत एकच आहे, तो सोसायटीचं कर्ज फेडत नाही. ताईच्या मते धुतलेलं पण इस्त्री न केलेलं. पोराला फोन केला तर तो म्हणाला, "बाबा, कॉलरचा शर्ट घाला, इन करा किंवा करू नका." छत्तीस वर्षं नटाबोल्टांची मापं मिलिमीटरच्या शंभराव्या भागात पाळलेल्या माणसाला 'करा किंवा करू नका' ही सूचनाच समजत नाही.

दाजींची अडचण वेगळी होती. सदरा, लेंगा, खांद्यावर उपरणं आणि डोक्यावर पांढरी टोपी, हे त्यांचं स्मार्ट, हेच कॅज्युअल आणि हेच फॉर्मल. युरोपातले द्राक्षांचे खरेदीदार बागेत आले तेव्हाही हेच होतं.

"टोपी काढून जेवू? बोडक्या डोक्यानं? कोण गेलं म्हनून विचारतील लोक."

खरं तर जेवणाला ठरावीक कपडे हा काही गोऱ्यांनी लावलेला शोध नाही. पंचवटीतल्या माझ्या आजोळी पंक्तीचा ड्रेसकोड होता, तो बोटीपेक्षा कडक. मुकटा नेसायचा, अंगावर सदरा चालणार नाही, शिवलेलं काही चालणार नाही. मी एकदा शाळेच्या चड्डीत पानावर बसलो तर आजीने मला उठवून अंगणात वाढलं होतं. तिकडे कपडे उतरवल्याशिवाय ताट नाही, इकडे चढवल्याशिवाय प्लेट नाही. फरक इतकाच, की आजी सूचनापत्रक पाठवत नसे. तिचा डोळा पुरे.

बायकोचा प्रश्न तिने स्वतःच निकालात काढला. ती शाळेत इतिहास शिकवायची, त्यामुळे घरात वाद जिंकण्यासाठी तिच्याकडे सनावळ्या असतात. "आनंदीबाई जोशी १८८३ साली कलकत्त्याहून बोटीत बसल्या," ती म्हणाली. "अमेरिकेला निघालेल्या. आणि निघायच्या आधी भर सभेत सांगून गेल्या, की पेहराव बदलणार नाही. मला तर मुंबईहून मुंबईला जायचंय." येवल्याची पैठणी कपाटातून बाहेर आली. बॅगेत तिला वेगळी खोली मिळाली, माझे कपडे जनरल डब्यात.

उरलो मी. लग्नातला सूट काढून पाहिला. पँटीचा आणि माझा संबंध १९९० च्या दशकातच संपला होता. शेवटी नाशिकला जाऊन भाड्याने सूट आणायचं ठरलं. दुकानदाराला 'बोटीवर फॉर्मल डिनर' असं सांगितल्यावर त्याने लग्नाच्या शेरवान्या बाजूला सारल्या आणि आतून एक काळा कोट काढला. कॉलरला रेशमी पट्टी, बरोबर फुलपाखरासारखा टाय. याला डिनर जॅकेट म्हणतात. लंडनच्या हेन्री पूल नावाच्या शिंप्याने १८६५ साली तिथल्या युवराजासाठी शेपटीच्या कोटाची शेपूट कापून असा आखूड कोट शिवला, तिथून ही चाल पडली असं सांगतात. युवराजाला ऐसपैस बसून जेवता यावं, एवढाच उद्देश. म्हणजे मूळचा तो घरगुती कपडा. त्या काळचा लेंगा-सदराच म्हणा.

"आणि हा सोबत फ्री," म्हणत दुकानदाराने एक काळा, रेशमी, चुण्यांचा पट्टा पुढे केला. "कमरबंड."

दाजींनी तो हातात घेऊन उलटासुलटा केला. "कमरबंदच की! आमचा आजा बांधायचा."

मी घरी येऊन शोधलं तर दाजी बरोबर होते. कमरबंद फारसीतून आपल्याकडे आला आणि आपल्याकडून साहेबाने नेला. मग मला नादच लागला. पायजमा इथून गेला. जीन्सची 'डंगरी' मुंबईच्या डोंगरीच्या जाड कापडावरून. पायजमा, डंगरी दोन्ही घालून फॉर्मल रात्री जेवायला येऊ नये, असं आता आपल्यालाच कळवतात, आणि कळवतात ते डोंगरीपासून पायी जाता येईल अशा बॅलार्ड पिअरवरून.

प्रवासाचं विशेष सांगण्यासारखं नाही. पंचवटी एक्सप्रेसमध्ये पासधारकांनी आम्हाला आमच्याच सीटवर थोडी जागा दिली. बॅलार्ड पिअरला बॅगा मशीनमधून गेल्या आणि ताईचा ठेच्याचा डबा पडद्यावर दिसला. बाहेरचं खाणं चालत नाही म्हणून तो किनाऱ्यावरच राहिला. ताई त्याच्याकडे वळून वळून बघत जिना चढली.

पहिली रात्र निभावली. स्मार्ट कॅज्युअल म्हणजे नेमकं काय हे बोटीवरही कोणाला माहीत नव्हतं. कोणी लग्नाच्या वरातीतून आल्यासारखं, कोणी थेट तलावातून. आम्ही बुफेच्या मजल्यावर जेवलो, तिथे टोपीला कोणी हरकत घेतली नाही. दाजींनी बोटीवरचं द्राक्ष चाखलं, दोन बोटांत दाबलं आणि "साखर उतरायच्या आत तोडलंय" म्हणून बाजूला ठेवलं.

फॉर्मल रात्री भोजनगृहाच्या दाराशी मात्र एक अतिशय नम्र पोरगा उभा होता. "सर, कॅप, प्लीज."

दाजी हलले नाहीत. मागे रांग वाढली. मी कॉलरला गुदमरत मध्यस्थी करू लागलो. तेवढ्यात बायकोमधली मास्तरीण जागी झाली. "टर्बन चालतं का?" तिने विचारलं. पोरगा आत जाऊन विचारून आला. टर्बन चालतं.

"मग आलोच," ताई म्हणाली, आणि दाजींना हाताला धरून केबिनकडे घेऊन गेली.

दहा मिनिटांनी दाजी आले ते डोक्याला हळदी रंगाचा, हातभर शेमला सोडलेला फेटा बांधून. चंपाषष्ठीला खंडेरावाच्या यात्रेत बांधतात तसा. ताईची सुती साडी होती, साडेपाच मीटर, उद्या परतताना नेसायची म्हणून ठेवलेली. दाराशी उभ्या पोरग्याने वाकून दार उघडलं. खुर्चीत बसताना दाजी माझ्या कानाशी लागले, "टोपी आतच हाये."

आत शिरल्यावर दहाव्या मिनिटाला मला फॉर्मल कपड्यांचं मर्म उमगलं. बाहेर मे महिना चालू होता, आत एसीने पौष-माघ आणला होता. हवेचा झोत थेट आमच्या टेबलावर. "प्रीकूलिंगला माल असाच ठिवतेत," दाजी म्हणाले. "पन त्याला आधी खोक्यात भरतेत." कोटवाल्या पुरुषांचं ठीक होतं, ताईचं दाजींच्या उपरण्यावर भागलं, दाजींना फेटा होता. बायको पैठणीचा पदर दोनदा गुंडाळून सूपच्या वाटीवर हात शेकत होती. आनंदीबाईंनाही पुढे अमेरिकेत थंडीपायी नऊवारी सोडून गुजराती पद्धतीची साडी नेसावी लागली होती, हे मला आठवलं, पण मी ते बोललो नाही. पस्तीस वर्षांचा संसार असाच टिकत नाही.

मी कोट काढून तिच्या खांद्यांवर घातला. राहिलो पांढऱ्या शर्टात, काळ्या पँटीत आणि त्या फुकटच्या पट्ट्यात. फुलपाखरू आधीच खिशात गेलं होतं. आता हाकलतात म्हणून मी खाली मान घालून पनीर कापू लागलो.

शेजारच्या टेबलावरचे एक देवगडचे वयस्कर गृहस्थ उठून आले. जन्म मालवाहू बोटींवर गेलेला. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "वा! रेड सी रिग!"

मला वाटलं, काही दंड असेल. पण ते कौतुक होतं. साहेबाच्या बोटी तांबड्या समुद्रात शिरल्या की उकाड्याने जीव जायचा, तेव्हा जेवताना कोट न घालता शर्ट, काळी पँट आणि कमरबंद एवढ्यावर बसायची मुभा असे. त्या वेषाचं हे नाव, अजून चालतं. आख्ख्या भोजनगृहात शास्त्राला धरून कपडे घातलेला मी एकटाच होतो, आणि तेही थंडीत.

"फक्त उलटा बांधलाय तुम्ही," गृहस्थ म्हणाले. "चुण्यांचं तोंड वर हवं. जुने लोक त्यात नाटकाची तिकिटं खोचायचे."

दाजींनी हात थांबवून माझ्या पोटाकडे बघितलं. "खिसा हाये म्हना की त्याला!" नंतर गोड येईपर्यंत ते त्या चुण्यांकडेच बघत होते.

तिसऱ्या सकाळी बोट आम्हाला जिथून घेतलं तिथेच सोडून मोकळी झाली. ताईने फेटा इस्त्री न करता नेसला. स्मार्ट कॅज्युअल, दुसरं काय.

ओझरला पोचल्यावर मी सूट परत करायला गेलो, तर पट्टा सापडेना. बॅगा उपसल्या, पोटमाळा पाहिला. दुकानदाराने 'फ्री' दिलेल्या वस्तूचे डिपॉझिटमधून साडेतीनशे रुपये कापले. आठवड्याने दाजींच्या बागेत चक्कर मारली. काडी बांधणी चालू होती. दाजी ओळीच्या टोकाला उभे होते, डोक्यावर टोपी, लेंग्यावर काळा रेशमी कमरबंद, चुण्यांचं तोंड बरोबर वर. चुणीचुणीत एकाच मापाचे कापलेले सुतळीचे तुकडे ओळीने खोचलेले. एक उपसायचा, काडी तारेला बांधायची, पुढचा उपसायचा.

"अजून तीन मिळतील का त्या दुकानात?" त्यांनी मागे न बघता विचारलं. "गडी म्हनतेत आम्हालाबी पायजे."