साहेब झाडीत होते

निवृत्त साहेबांच्या आत्मचरित्रात साहेब कधीही खोलीबाहेर नसतात. पंतप्रधान गोंधळलेले, मंत्री घाम पुसताहेत, आणि मग साहेब किंचित खाकरून दोन वाक्यं बोलतात. देश वाचतो. प्रकरण सातवे समाप्त.

म्हणूनच कॅनडाच्या चार्ल्स रिचींच्या छापील रोजनिशा वाचताना शंका येते, हा माणूस खरंच नोकरीत होता का? १९३४ मध्ये परराष्ट्र खात्यात लागले. पुढे बॉन, संयुक्त राष्ट्रसंघ, वॉशिंग्टन, नाटो, लंडन. फुशारकीचं भांडवल गडगंज; पण वापरलंच नाही!

२ एप्रिल १९६५ चंच घ्या. कॅनडाचे पंतप्रधान पिअर्सन फिलाडेल्फियातल्या टेम्पल विद्यापीठात बोलून गेले की अमेरिकेनं उत्तर व्हिएतनामवरची बॉम्बफेक जरा थांबवून पाहावी. म्हणजे व्याह्यांच्या ओसरीवर बसून त्यांच्याच स्वयंपाकाला नावं ठेवण्यासारखं. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष जॉन्सन यांनी त्यांना कॅम्प डेव्हिडला जेवायला बोलावलं, आणि जेवणानंतर गच्चीवर असं फैलावर घेतलं की हात थेट कोटाच्या कॉलरला. शांततेचं नोबेल मिळवलेल्या माणसाच्या कॉलरला, बरं का.

अशा ऐन वेळी कॅनडाचे राजदूत रिची कुठे होते? झाडीत. अध्यक्षांचे सल्लागार मॅकजॉर्ज बंडी यांच्यासोबत फेऱ्या मारत होते. लांबून जे दिसलं ते टिपलं. आपल्याकडे निदान कॉलर सोडवण्याचं श्रेय तरी घेतलं असतं.

ही हकिकत छापून आली १९७४ मध्ये. तोवर पिअर्सनही गेले होते आणि जॉन्सनही. खुलासा मागवायला कुणी उरलं नव्हतं. मुरलेला मुत्सद्दी तो हाच.

स्वतःच्या बाबतीत मात्र रिचीसाहेब जास्त सावध. युद्धकाळातल्या लंडनच्या त्यांच्या रोजनिशीत कादंबरीकार एलिझाबेथ बोवेन भेटतात. बाईंनी १९४९ मध्ये त्यांना एक कादंबरीही अर्पण केली. पण दोघांच्या दीर्घ प्रेमाची पुरती फाइल पत्रांसह उघडली ती २००८ मध्ये. दोन देशांच्या नेत्यांचं भांडण नऊ वर्षांत मोकळं, घरचं प्रकरण मात्र स्वतः रिचींच्या निधनानंतर तेरा वर्षांनी. गोपनीयतेची वर्गवारी खात्यात शिकवतात, ती अशी कामी येते.

हे सगळं एका निवृत्त सचिवांना ऐकवलं. ते म्हणाले, “चूक त्याचीच. मी असतो तर आत थांबलो असतो.”

त्यांच्या आत्मचरित्राचा तिसरा खंड दिवाळीत येतोय.