घरच्या घरी फॅटी लिव्हर: नवशिक्यांसाठी

सातारा-सांगलीकरांनो, फॅटी लिव्हर मिळवायला पुण्या-मुंबईला जायची गरज नाही. कच्चा माल इथेच मुबलक आहे. यकृतात पाच टक्क्यांहून जास्त चरबी साठली की तुम्ही उत्तीर्ण. भरपूर दारू पिणारे तर बहुतेक पोचतातच; न पिणाऱ्यांनी खचू नये, त्यांनाही पुढील मार्ग खुला आहे.

१. सुरुवात गोडानं करा. पाहुण्यांसाठी अर्धा किलो कंदी पेढे घ्या. त्यातले पाव किलो चव बघण्यातच संपवा.

२. ऊसपट्ट्याचा मान राखा. कारखान्याकडून सभासदाची साखर घरी आलीय, ती संपवायची कोणी? प्रत्येक दारी चहा घ्या. ‘अर्धाच द्या’ म्हणा; अर्धा कप हिशेबात धरत नाहीत. जास्तीच्या साखरेची चरबी करायचं काम यकृत बिनबोभाट करतं.

३. चालणं टाळा. साताऱ्यात अजिंक्यतारा किल्ल्यावर गाडी वरपर्यंत जाते, मग पायांना त्रास कशाला? सांगलीत आमराईत एक फेरी मारा आणि दमलात म्हणून भडंगाचा पुडा फोडा.

४. सोनोग्राफीत ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ आलं तर फाईल गादीखाली सरकवा. ‘हे सगळ्यांनाच असतं हो’ म्हणणारे एखादे काका हेरून ठेवा. माळकरी असाल तर ‘दारूला शिवत नाही’ सांगून रिपोर्टच चुकला म्हणा. बहुतेकांना काही दुखत-खुपत नाही, हीच या आजाराची मोठी सोय.

५. भीती वाटलीच तर साखर सोडू नका, ‘लिव्हर डिटॉक्स’ आणा. सांगली हळदीची पेठ. पण आमटीतल्या चिमटीवर भागवू नका, हळदीच्या अर्काच्या गोळ्या मुठीनं घ्या. अशा गोळ्यांनी आणि गुळवेलीच्या काढ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत. म्हणजे मुक्काम लवकर येईल.

६. कंबर मोजू नका. पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या वर गेली की धोका वाढतो म्हणतात. शर्ट बाहेर सोडला की झालं.

सावधान! ही सगळी मेहनत वाया जाऊ शकते. वजन पाच टक्के उतरलं तरी यकृतातली चरबी घटते. सात ते दहा टक्के उतरलं तर सूजही ओसरते. ऐंशी किलोच्या माणसाला म्हणजे साधारण सहा ते आठ किलो. रोज अर्धा तास भरभर चालणं, गोड आवरणं, दारू बंद, रक्तातली साखर तपासून आटोक्यात ठेवणं, एवढ्यानं सुरुवातीचा आजार मागे फिरू शकतो. नाही केलं, तर काहींची गाडी सिरॉसिसपर्यंत जाते, आणि तिथून परतीची वाट फार अवघड. तेव्हा फाईल गादीखालून काढा आणि काकांना नव्हे, डॉक्टरांना दाखवा.