पहिला ट्यूबा निवडण्याच्या सहा पायऱ्या

लग्नाच्या बँडमध्ये वादकाच्या अंगाला वेढा घालून बसलेला दिसतो तो सूझाफोन. तो ट्यूबाचाच भाऊबंद. पण दुकानात जाऊन ‘तसलंच एक द्या’ म्हणू नये. त्याऐवजी पुढील क्रम पाळावा.

१. जिना मोजा. नाद, धातू, घडण हे सगळं नंतर. ट्यूबाचं वजन दहा किलोच्या आसपास. थोराड वाद्य त्याहून जड, आणि पेटीचं वजन वेगळंच. जिन्याच्या वळणावर अडकत नाही, तो ट्यूबा सुरेल समजावा.

२. सूर ठरवा. बी-फ्लॅट, सी, ई-फ्लॅट आणि एफ असे चार प्रकार मिळतात. बी-फ्लॅटची नळी उलगडली तर सुमारे १८ फूट भरते, एफची १२. ब्रिटिश ब्रास बँडला ई-फ्लॅट आणि बी-फ्लॅट लागतात, अमेरिकेतल्या ऑर्केस्ट्रात बहुधा सी चालतो. तेव्हा स्वतःच्या आवडीला फार विचारू नका. पोट कुठे भरायचं ते ठरलं की सूर आपोआप ठरतो.

३. आकार निवडा. पाऊण, पूर्ण, सव्वा आणि दीड. पाऊणकी-दिडकी पाठ असलेल्यांना इथे बरं वाटेल, पण क्षणभरच. प्रत्येक कारखान्याची पाऊण वेगळी असते.

४. व्हॉल्व्ह मोजा. तीनवाला स्वस्त पडतो. मात्र त्यातला पहिला आणि तिसरा एकदम दाबला की सूर चढा लागतो. त्यावर उतारा म्हणजे चौथा व्हॉल्व्ह. १८७०च्या दशकात इंग्लंडच्या डेव्हिड ब्लेकली यांनी जादा नळ्या जोडून हा चढेपणा आपोआप काढणारी रचना केली. सूर उतरला, वजन चढलं. पुन्हा पायरी १ पाहा.

५. जुना घेताना तोंडावरचे पोचे पाहून नाक मुरडू नका. माउथपीसलगतच्या अरुंद नळीतला पोचा जास्त छळतो. व्हॉल्व्ह न दाबता त्याची स्लाइड ओढून काढायला घ्या, मग व्हॉल्व्ह दाबा. ‘टप्’ वाजलं तर व्हॉल्व्ह घट्ट आहे. नाही वाजलं तर विकणारा म्हणेल, ‘तेल घातलं की होईल.’ त्याला आधी घालू द्या.

६. घरच्यांना भविष्य समजावून सांगा. ट्यूबाचं पेटंट प्रशियात १८३५ साली वीप्रेख्त आणि मोरिट्झ यांनी घेतलं. राल्फ वॉन विल्यम्स यांनी त्याच्यासाठी कन्चेर्टो लिहिला १९५४ साली. म्हणजे पुढे येऊन वाजवण्याची अशी संधी मिळेपर्यंत ११९ वर्षं लोटली. घाई असलेल्यांनी व्हायोलिन पाहावं.

एवढं सगळं झाल्यावर ट्यूबा विकत घेऊ नका. शाळेचा किंवा बँडचा मागून आणा. पहिली काही वर्षं तोच बरा. स्वतःचं घ्यायचं ते माउथपीस. ते खिशात मावतं आणि ओठ थरथरवण्याचा सराव नुसत्या त्याच्यावर घरी करता येतो. हा सराव रोज, दार उघडं ठेवून करावा. थोड्याच दिवसांत घरचे स्वतःहून विचारतील, ‘बाकीचा ट्यूबा केवढ्याला मिळतो?’