मोकळे अण्णा

मोकळे अण्णा हे त्यांचं खरं नाव नव्हे, ते पेठेनं ठेवलेलं. उभी हयात सुताच्या पेढीवर दिवाणजी म्हणून गेली. दुसऱ्याच्या गोदामातल्या गाठी मोजता मोजता साठी आली आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःच्या घरातल्या वस्तू मोजायला घेतल्या. मोजून हादरले.

"मास्तर, प्रत्येक वस्तूला तोंड असतंय बघा. नुसती ठेवली तरी वेळ खाती ओ!"

झालं, लाल कापडी पुठ्ठ्याच्या वहीत जमाखर्च सुरू. शोकेस काढली, पुसण्याचे महिना २ तास जमा. स्कूटर काढली; किक, पेट्रोल, पंक्चर मिळून ६ तास जमा. भिंतीवरचं घड्याळसुद्धा चावीच्या पाच मिनिटांपायी गेलं. गिरण्यांच्या भोंग्यावर अख्खं सोलापूर उठत-जेवत होतं, तेव्हा हे खपलं असतं. आता गिरण्याच बंद, भोंगा कुठला? म्हणून अण्णा खिडकीतून विचारतात, "किती वाजले ओ?" एवढा वेळ गाठीला असलेला माणूस भवानी पेठेत दुसरा नाही आणि इतक्यांदा वेळ विचारणाराही नाही. शिडी आमची, पाना समोरच्या यंत्रमाग कारखान्यातला, पेपर सलूनमधला. अण्णांचं घर रिकामं आहे ते आमची घरं भरलेली आहेत म्हणून, हे त्यांच्या वहीत कुठंच येत नाही.

पाण्यापुढं मात्र तत्त्व चालेना. उजनी धरण म्हणजे ११७ टीएमसीचा कारभार. पावसाळा बरा झाला की ते १११ टक्के भरतं, पेपरात फोटो येतो आणि आमच्या नळाला पाणी चार-पाच दिवसांआडच. त्यामुळं इथं घराची ऐपत निळ्या बॅरलांवर मोजावी. अण्णांनी तीनातली दोन बॅरलं मंगळवार बाजारात धाडायला काढली ('शेवाळ घासणे, ३ तास'). काकूंनी ती गुपचूप आमच्या जिन्याखाली आणून ठेवली. पाणी सुटतं आडनिड्या वेळी. टिल्लू मोटारी घरघरायला लागल्या की काकू पाइप घेऊन जिन्याखाली उभ्या, आणि अण्णा आत झोपेत तास जमा करतायत.

चादरींनी तर त्यांना घायाळ केलं. जेकार्डवर विणलेली, मोराच्या नक्षीची, भौगोलिक मानांकन मिळालेली आमची चादर फाटता फाटत नाही. आणि सोलापुरात ती द्यायची कुणाला? घेणाऱ्याच्या ट्रंकेत आधीच सात असतात. अण्णांनी कशाबशा अकरा चादरी बाहेरगावच्या पाहुण्यांच्या पिशव्यांत कोंबल्या. तेवढ्यात ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर त्यांचं व्याख्यान ठरलं, विषय 'कमी वस्तू, जास्त सवड'. बोलले झकास. शेवटी सत्कार झाला : चादर, नारळ आणि हातभर उंचीचं स्मृतिचिन्ह. चिन्हावर अण्णांचं नाव कोरलेलं, त्यामुळं ते भंगारवालाही घेईना.

पुण्याच्या भाच्यानं त्यांना जपानच्या मारी कोंडोबाईंचे व्हिडिओ पाठवले होते. ज्या वस्तूनं मनाला आनंद होत नाही ती काढून टाका, म्हणणाऱ्या त्या बाई. अण्णांची त्यांच्यावर भक्ती बसली. मी मुद्दाम कानावर घातलं, की तिसरं मूल झाल्यावर घर टापटीप ठेवण्याचा नाद बऱ्यापैकी सोडला, असं त्या बाईंनीच २०२३ साली कबूल केलंय. अण्णा गंभीर झाले. "मुलं ठेवली न्हवं? तिथंच चुकलं."

वर्षातून एकदा मात्र हा माणूस शोभून दिसतो, ते कबूल केलं पाहिजे. कोजागरीला तुळजापूरला पायी जाणाऱ्यांची रीघ लागते, साधारण ४५ किलोमीटरची चाल. आम्ही सॅक, बाटल्या, बाम, पॉवर बँक घेऊन निघतो आणि पहिल्या टप्प्यातच खांद्याचे पट्टे सारखे करत बसतो. अण्णा खांद्यावर एक टॉवेल टाकून अनवाणी पुढं. वाटेत लोक चहा देतात, केळी देतात, पाय चोळून देतात. भल्या पहाटे देवीपुढं उभे राहिलेले अण्णा पाहिले की वाटतं, मोकळं असणं असावं तर असं. मला हेवा वाटतो. तो उतरतो परतीच्या एसटीत, कारण तिकिटाचे पैसेही अण्णा जवळ बाळगत नाहीत.

यंदा त्यांची नजर मिक्सरवर गेली. शेंगाचटणी उखळातच कुटावी, तिला तेल सुटलं पाहिजे, मिक्सरमध्ये होतो तो भुगा, हे अण्णांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. मिक्सर गेला. 'भांडं धुणे, रोज ४ मिनिटं' जमा झाले. काकू काही बोलल्या नाहीत. वही मागून घेतली, खर्चाच्या बाजूला ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'चटणी, दीड तास, ह्यांच्या नावे', आणि मुसळ अण्णांच्या मांडीवर आणून ठेवलं.

आता दुपारी त्यांच्या ओट्यावरून धप्प धप्प ऐकू येतं. परवा अण्णा खिडकीशी आले. मिशीवर शेंगदाण्याचा कूट, तिखटानं डोळे लाल.

"मास्तर, उखळ पायजे का ओ तुम्हाला? दगडी हाय. लै जुनं."