आमच्या शॉवरचं सलाईन

आमच्या घरातल्या शॉवरखाली आजवर कोणीही आंघोळ केलेली नाही. तो बसवला पुण्याच्या मुलाच्या आग्रहाखातर. "बाबा, आता बादलीनं कोण आंघोळ करतं?" असं तो म्हणाला होता. आमच्या तिसगावात सगळेच करतात, हे त्याला सांगण्यात अर्थ नव्हता. बारावीपर्यंत तोही करतच होता. तर घराचं काम चाललं असतानाच भिंतीत पाईप गाडला, कॉक बसवला, वर चकचकीत शॉवर लावला आणि दुसऱ्या दिवसापासून त्यावर ओले टॉवेल वाळू लागले. अंगावर किती तांबे घेतले हे मोजता येत नाही, त्या आंघोळीला पाथर्डी तालुक्यात उधळपट्टी म्हणतात.

त्याला कारण आहे. नगरहून करंजी घाट ओलांडला की आमचा मुलूख लागतो, पर्जन्यछायेतला. प्यायचं पाणी मुळा धरणातलं, म्हणजे थेट राहुरी तालुक्यातून आलेलं. ते येतं त्या दिवशी घरातल्या माणसाची किंमत तो किती हंडे उचलतो यावरून ठरते. माझी किंमत मणक्याच्या दुखण्यापासून बरीच उतरली आहे.

असा हा न वापरलेला शॉवर यंदा फाल्गुनात ठिबकू लागला. दिवसा कळायचं नाही. रात्री महामार्गावरचे ट्रक विरळ झाले की मोरीतून आवाज यायचा: टप्. मग घड्याळ म्हणायचं, टिक्. मग पुन्हा टप्. घड्याळात आणि शॉवरमध्ये कोण पुढं जातंय याची शर्यत ऐकत मी छताकडं बघत पडायचो. तिसऱ्या रात्री शेजारच्या खोलीतून आईचा आवाज आला, "आरं, त्याला सलाईन लावलंय का?"

आईनं बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलीय आणि सुकडी खाल्लीय. ती थेंबाला थेंब म्हणत नाही, पाणी म्हणते. म्हणून सकाळी मी हिशेब करायला बसलो. गल्लीतल्या कंपाउंडरनं सांगितलं, "गुरुजी, सलाईनच्या साध्या सेटला वीस थेंबांचा एक मिली." शॉवरचा थेंब सलाईनएवढाच धरला, सेकंदाला एक धरला, तर दिवसाचे ८६,४०० थेंब. भागिले वीस. चार लिटर तीनशे वीस मिली! टंचाईच्या काळात टँकरचं पाणी माणशी रोज २० लिटर या मापानं धरतात. म्हणजे पाचव्या हिश्शाहून जास्त माणूस आमच्या मोरीत भिंतीला लटकला होता. त्याचं नाव तेवढं रेशनकार्डावर घालायचं राहिलं होतं.

"करा काहीतरी," ही म्हणाली. "मढीच्या यात्रेला पाहुणे येतील. गळकं घर बघून काय म्हणतील?" कानिफनाथांच्या यात्रेला आमच्याकडं पाहुण्यांची रीघ असते. यात्रेला, म्हणजे रंगपंचमीला, आठ दिवस उरले होते आणि महिनाअखेरीला दहा. पाहुणे आधी, पगार नंतर, हा आमच्या घरचा पंचांगसिद्ध योग आहे.

पहिला उपाय फुकटचा होता: कॉक आवळणं. मी आवळला. माझ्यावर विश्वास नसल्यामुळं हिनं आवळला. हिच्यावर विश्वास नसल्यामुळं आईनं, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, दोन्ही हातांनी आवळला. टप् टप्चं टपटप झालं.

दुसरा उपाय वाचनातून आलेला. जड पाण्याचा क्षार साचून शॉवरची भोकं बुजतात, आणि आंबट पदार्थात तो विरघळतो, हे शास्त्र बरोबर आहे. मी शॉवर काढला आणि चार लिंबांच्या रसात रात्रभर बुडवून ठेवला. ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर चार लिंबं! हिनं ती मोजून दिली आणि "याचं सरबत तरी झालं असतं" असं म्हणून दिली. सकाळी भोकं स्वच्छ झाली. आदल्या दिवशीपर्यंत थेंब एकाच भोकातून पडत होता, आता तो वाटेल त्या भोकातून पडू लागला. आधी त्याची जागा तरी ठरलेली होती.

तिसरा उपाय नगरला जाऊन केला. एका कामासाठी गेलो होतो, येताना १८० रुपयांचा नवा शॉवर आणि आट्यांवर गुंडाळायची २० रुपयांची पांढरी टेप घेतली. परतीच्या एसटीत बसल्या बसल्या मला निजामशाही आठवली. नगर शहराला त्या काळी कापूरवाडी, वडगाव अशा आसपासच्या गावांकडून जमिनीखालच्या खापरी नळांनी पाणी आणलेलं. भाजक्या मातीचे तुकडे एकाला एक जोडून, सांध्यात चुना भरून, मैलोन् मैल! त्या लोकांनी एवढे सांधे सांभाळले, मग मला एक सांधा जमू नये? या ऐतिहासिक आवेशात घरी येऊन मी नवा शॉवर टेप गुंडाळून बसवला. नव्या शॉवरमधून जुनंच पाणी ठिबकू लागलं.

मग मिस्त्री बोलावला. त्यानं शॉवरकडं पाहिलं नाही, कॉककडं पाहिलं नाही, भिंतीवर बोटानं टकटक केलं आणि डॉक्टरसारखा चेहरा करून म्हणाला, "टाइल फोडावी लागंल." खर्च साडेतीन हजार, टाइल सोडून. मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

त्या रात्री हिनं एक सुती चिंधी शॉवरला बांधली आणि तिचं टोक खालच्या बादलीत सोडलं. थेंब चिंधीवरून गुपचूप घरंगळत बादलीत उतरू लागला. आवाज बंद. पाणी वाया जात नाही. खर्च शून्य. खरं म्हणजे प्रश्न तिथंच सुटला होता. पण पुरुषाला घरातली वस्तू दुरुस्त करायची असते ती वस्तूसाठी थोडीच?

शेवटी गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो, जिथं खरं तर आधी जायला हवं होतं.

"काय गळतंय गुरुजी?"

"शॉवर."

"शॉवरमधून पडतंय," गल्ल्यावरचे भाऊ म्हणाले, "गळतंय कॉकमधून. शॉवर म्हंजी नुसतं तोंड. पानी अडवायचं काम घशाचं. कॉक लई आवळता का?"

मी खाली पाहिलं.

"त्यानंच वायसर कापला जातो. पाच रुपये."

मी उदारपणे दोन घेतले. भाऊंनी पानाही उसना दिला आणि बजावलं, "आधी वरचा व्हॉल बंद करा, नाहीतर तुमचीच आंघोळ व्हईल."

वरचा व्हॉल म्हणजे गच्चीवरच्या टाकीखालचा. मी त्याचं चाक फिरवलं. ते फिरलं. फिरतच राहिलं, जत्रेतल्या पाळण्यासारखं. आतला दांडा कधीच तुटला होता. पाणी थांबवायचा एकच मार्ग उरला, टाकी रिकामी करणं. आणि नळाला पाणी येऊन एकच दिवस झाला होता!

घरातले हंडे, कळशा, पिंप, कुकर, पुरणाचं पातेलं, सगळं भरलं. तरी टाकीत शिल्लक. ते पाणी मोरीत सोडून देण्याची कोणाची छाती? ही दारात उभी राहून म्हणाली, "पाणी न्या गं!" पाचच मिनिटांत गल्ली हंड्यांसह हजर. "नळ आला का?" "नाही, गुरुजी शॉवर दुरुस्त करतायत." "मग रोज करा की!" अंदाजे ३०० लिटर पाणी गल्लीत वाटलं गेलं. मी मनात भागाकार केला: शॉवरनं सत्तर दिवस गळून जेवढं घालवलं असतं, तेवढं मी तासाभरात वाटलं होतं.

मग ऑपरेशन. मुठीचा स्क्रू काढला, मूठ निघाली. तिच्यामागची चकाकती वाटी फिरवून काढली. पाना लावून आतलं पितळी बोंड सैल केलं आणि दांडा बाहेर ओढला. त्याच्या टोकाला काळ्या रबराची शर्टाच्या बटणाएवढी चकती होती. तिच्यावर गोल खाच पडलेली, धारदार. जणू कुणी नाण्याचा ठसा दाबला होता. आम्ही तिघांनी मिळून आवळल्याची ती सही होती. मी चकती काढली, नवी बसवली, सगळं उलट क्रमानं जोडलं. वीस मिनिटं लागली. एकही स्क्रू उरला नाही, हे मी आधी स्वतःला आणि मग हिला दाखवलं.

"आता बघा गळतंय का," ही म्हणाली.

टाकीत थेंब नव्हता. बघणार कशात?

पुढचे काही दिवस आमचा शॉवर अजिबात गळला नाही आणि त्याचं श्रेय मला मिळालंही नाही. पिंपातल्या पाण्यावर घर चाललं होतं. अखेर एका रात्री दोन वाजता नळ आला. टाकी भरली. मी मोरीत जाऊन अंधारात उभा राहिलो. एक मिनिट. पाच मिनिटं. घड्याळ एकटंच टिक् टिक् करत होतं. त्या शांततेत मला झोप लागेना. शेजारच्या खोलीतून आवाज आला, "सलाईन काढलं का रं? बरा झाला, का गेला?"

आता जमाखर्च. लिंबं २० रुपये, टेप २०, नवा शॉवर १८०, वायसर दोन मिळून १०. एकूण २३०. त्यातले लागले पाच. उरलेला वायसर मी कंपासपेटीत ठेवला आहे, आणि तुटक्या व्हॉलचा विषय घरात पगारापर्यंत तहकूब आहे. यात्रेला पाहुणे आले. मी त्यांना हौसेनं कॉक दाखवला. ते बादलीनं आंघोळ करून मढीला गेले.

वर्गात मी तीस वर्षं ते गणित शिकवत आलो: एका नळानं टाकी तीन तासांत भरते, दुसऱ्यानं पाच तासांत रिकामी होते, दोन्ही चालू ठेवले तर टाकी किती वेळात भरेल? एकदा मागच्या बाकावरच्या पोरानं विचारलं होतं, "गुरुजी, दुसरा नळ बंद का नाही करत?" मी त्याला उभं केलं होतं. त्याचं उत्तर बरोबर होतं. तेव्हा वाचकहो, तुमचा शॉवर ठिबकत असेल तर वर बघू नका, मूठ आवळू नका, लिंबं सरबताला ठेवा. कॉक उघडा आणि वायसर बदला. मात्र त्याआधी गच्चीवर जाऊन तेवढा व्हॉल फिरतो का, ते बघून या.