बागेला टँकर

पुण्यात खडकवासला धरणाचं प्यायचं पाणी नळाला येतं आणि पाणीपट्टी बहुतेकांना मिळकतकराबरोबर, वर्षाची ठरलेली. गाडी तांब्याने धुवा की पाइप सोडून, आकडा तोच. सोसायटीचं सांडपाणी शुद्ध करायचं तर मात्र टाकीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरची वीज, ऑपरेटरचा पगार, गाळ उपसायचा खर्च, सगळं मेंटेनन्सच्या बिलात डोळ्यांदेखत. मग सर्वसाधारण सभेत एखादे काका उठतात आणि ब्लोअर रात्री बंद ठेवायचा ठराव एकमताने मंजूर होतो. (एरवी पार्किंगवरसुद्धा एकमत होत नाही.) चार दिवसांत टाकी घाण वास मारायला लागते. ते पाणी झाडांना कसं घालणार? लॉनसाठी टँकर मागवतात, आणि मे महिन्यात त्याचा दर विचारायची कुणाची छाती होत नाही.

शहराचं उरलेलं सांडपाणी प्रक्रिया करून मुंढव्याच्या जॅकवेलमधून (पाणी उपसायच्या विहिरीतून) कालव्यात सोडायचं, हवेली-दौंडच्या शेतांना द्यायचं आणि बदल्यात धरणाचं पाणी आपण घ्यायचं, असा सौदा. शेतकऱ्याने वासाची तक्रार केली, तर आपल्याकडे उत्तर तयार: अहो, खत फुकट मिळतंय! त्या पाण्यावरची मेथी मात्र आपण तीनदा धुऊन घेतो, खडकवासल्याच्या पाण्याने.