सोमवारचे कीर्तनकार

दर सोमवारी सकाळी साडेनऊला आमच्या ऑफिसात कीर्तन असतं. नोटीस बोर्डावर त्याला ‘साप्ताहिक आढावा बैठक’ म्हणतात. आमची कंपनी शेतीपंप विकते, पण पहिला अर्धा तास पंपाचं नावही निघत नाही. साहेब बाह्या दुमडतात, टेबलाच्या कडेला टेकतात, हातातला मार्कर बॅटसारखा धरतात आणि विचारतात, “२५ जून १९८३. लॉर्ड्स. काय झालं होतं?”

आम्ही टाळकरी. उत्तर पाठ असलं तरी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा चेहरा करतो.

खऱ्या कीर्तनात आधी निरूपण आणि मग आख्यान. साहेबांनी क्रम उलटा केलाय. आधी आख्यान : आपण १८३ धावांत गारद, समोर रिचर्ड्स आणि लॉइड, तरी वेस्ट इंडीजला १४० वर गुंडाळलं! मग निरूपण : म्हणजेच साधनं कमी असली तरी माणसं जिंकतात. आणि शेवटी आरती : यंदाही नवीन प्रिंटर मिळणार नाही.

असे साहेब तुमच्याही ऑफिसात असतील. नसतील तर बदली होऊन येतील. ओळखायची खूण सोपी आहे. यांच्याकडे प्रत्येक रोगावर एकच जडीबुटी असते, फक्त पुडीवरचं नाव बदलतं. विक्री घसरली की कपिल देव, वसुली अडली की ‘दंगल’, माणसं सोडून गेली की ‘लगान’. ‘चक दे’चा दिवस असला की बैठकही त्यातल्या भाषणाचा मान राखून सत्तर मिनिटं चालते. एकदा तिमाही संपता संपता त्यांनी ‘अशी ही बनवाबनवी’ काढला. “राहायला खोली मिळेना, तर गडी बाई झाले! याला म्हणतात फ्लेक्सिबिलिटी.” गोडाऊन सांभाळणाऱ्याने शांतपणे विचारलं, “म्हणजे साहेब, डीलरकडे साडी नेसून जायचं का?” त्या दिवशी कीर्तन लवकर आटोपलं.

टार्गेट देताना साहेब ट्वेंटी-२० खेळतात आणि पगारवाढीच्या वेळी टेस्ट. जानेवारी ते मार्च “प्रत्येक बॉलला सिक्स हवी.” एप्रिल उजाडला की २००१ चं ईडन गार्डन्स. “फॉलोऑन मिळालेला. चौथा अख्खा दिवस लक्ष्मण आणि द्रविडने एकही विकेट न देता खेळून काढला. अख्खा दिवस! आणि तुम्हाला एक वर्ष कळ काढवत नाही?” राहुल द्रविड आमच्याकडे फक्त एप्रिलमध्ये येतो, हापूससारखा. फरक एवढाच, की हापूस निदान शेजारच्या घरी तरी पोचतो.

साहेब स्वतः कसे खेळतात, हे आम्ही एकदाच पाहिलंय, वार्षिक सहलीत. टेनिस बॉल, अंडरआर्म, यष्टी म्हणून थंड पाण्याचा जार. अर्थातच ओपनिंगला तेच. पहिल्याच बॉलला जार वाजला. साहेबांनी जागचं न हलता जाहीर केलं, “पहिला बॉल ट्रायल.” दुसऱ्या बॉलला पुन्हा जार. “सूर्य डोळ्यांवर आला.” तिसऱ्या बॉलपासून गोलंदाजाला आपली पगारवाढ आठवली आणि साहेबांनी नाबाद चाळीस केले. पुढच्या सोमवारी या सामन्यातून मात्र काहीच बोध काढला गेला नाही.

मागच्या वर्षी वडिलांच्या मोतीबिंदूसाठी मी दोन दिवसांची रजा मागितली. साहेबांनी अर्ज बाजूला ठेवला आणि डोळे मिटले. “१९९९ चा वर्ल्डकप. सचिनचे वडील गेले. तरी पोरगा परत इंग्लंडला गेला आणि केनियाविरुद्ध नाबाद १४०! ही निष्ठा.” मी खाली मान घालून निघालो, तेवढ्यात अकाउंट्सचे काका खुर्चीतूनच म्हणाले, “बरोबर आहे साहेब. पण परत गेला म्हणजे आधी घरी आला होता ना? मधली झिम्बाब्वेची मॅच त्याने सोडली. आपण ती तीन रनांनी हरलो. तरी बोर्डाने त्याची रजा बिनपगारी केल्याचं काही ऐकिवात नाही.”

रजा मंजूर झाली. अर्धी.

हे काका आमच्याकडे एकतीस वर्षं आहेत. दोनदा मॅनेजर होता होता राहिले. पहिल्यांदा मालकांचा भाचा आला, दुसऱ्यांदा हे साहेब. काका क्रिकेटवर बोलत नाहीत, पण त्यांना सगळं पाठ आहे. साहेबांचं क्रिकेट कॅप्टनच्या खुर्चीतून दिसतं आणि काकांचं पॅव्हेलियनच्या पायरीवरून.

एका सोमवारी आख्यान होतं १९८८ च्या हॅरिस शील्डचं. आझाद मैदान, शारदाश्रम शाळा, सचिन आणि कांबळीची ६६४ धावांची नाबाद भागीदारी. “याला म्हणतात टीमवर्क!” काकांनी चष्मा पुसला. “साहेब, पुढचा नंबर कोणाचा होता?”

साहेब गप्प.

“अमोल मुजुमदार. पॅड बांधून बसून राहिला, बॅटिंग आलीच नाही. पुढे फर्स्ट क्लासमध्ये अकरा हजारांवर रन काढले आणि भारताकडून एकही मॅच मिळाली नाही. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी वर्ल्डकप जिंकला, तेव्हा त्यांचा कोच तोच होता.” एवढं बोलून काकांनी व्हाउचरची फाइल उघडली. खोलीत पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला. साहेबांनी डायरी काढून काहीतरी लिहून घेतलं. आम्हाला वाटलं, चला, एकदाचा उजेड पडला.

पुढच्या सोमवारी साहेब टेबलाला टेकले, मार्कर हातात घेतला आणि म्हणाले, “अमोल मुजुमदार! वर्षानुवर्षं पॅड बांधून बसला, पण कुरकुर केली का? म्हणून या वर्षी बढत्या नाहीत.”

काका येत्या ३१ मार्चला निवृत्त होतायत. निरोप समारंभात साहेबांचं कीर्तन आहे आणि विषयही ठरलाय : २०१३, वानखेडे, सचिनचं निरोपाचं भाषण. त्या दिवशी सचिनच्या हातात आभार मानायच्या माणसांची यादी होती. काकांच्या हातातही यादी असणार आहे. एकतीस वर्षांत न मिळालेल्या रजांची, तारीखवार, साहेबांच्या सहीसाठी.